मुलांची परीक्षा आणि आपली सत्त्वपरीक्षा

फेब्रुवारी महिना उजाडला की पुण्यातील वैद्यांच्या चिकित्सालयांत आणि आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांत एका विशिष्ट मागणीला जोर चढतो. "मुलाच्या लक्षात राहत नाही, काहीतरी बुद्धीचे औषध द्या", ही ती मागणी. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. बारावी आणि त्यानंतरच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्याच. त्यामुळे या मागणीला खंड पडत नाही, आणि ती पुरविणेही अवघड नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, सारस्वतारिष्ट इत्यादी कल्प फळीवर सिद्धच असतात. पालक समाधानाने परततात आणि देवघेव पूर्ण होते.

प्रस्तुत लेखात आम्हांस जे मांडावयाचे आहे ते या देवघेवीविषयीच. बुद्धिवर्धक औषधाच्या मागणीआड अनेकदा मनाचे दुखणे दडलेले असते. ते ओळखण्याची पहिली संधी मानसोपचारतज्ज्ञाला मिळत नाही, ती वैद्याला आणि औषधविक्रेत्याला मिळते. ही संधी बाटलीच्या विक्रीतच संपून जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. म्हणणे लहान असले तरी त्यामागचा प्रश्न लहान नाही.

प्रश्नाचे गांभीर्य

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यवार यादीत आपले राज्य पहिल्या स्थानी होते. त्याच्या आदल्या वर्षीही ते स्थान आपलेच होते. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार १० ते १९ वर्षे वयोगटात हे प्रमाण सातात एक इतके आहे. साठ मुलांच्या वर्गात राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या हिशेबाने चार, आणि जागतिक हिशेबाने आठ मुले अशी असावयाची. ती कोठे जातात? मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारी थोडी. उरलेली पोटदुखी, डोकेदुखी, अरुचि, मलावष्टंभ, केस गळणे, निद्रानाश आणि 'अभ्यासात लक्ष नाही' ही तक्रार घेऊन कुटुंबाच्या डॉक्टरांकडे अथवा आपल्याकडे येतात.

शास्त्र काय सांगते

मनाचा विचार आयुर्वेदाला नवा नाही, हे सांगण्याची या पत्रिकेच्या वाचकांना आवश्यकता नाही. तथापि मुलांच्या मनाविषयी आपल्या संहितांत जे सूक्ष्म विवेचन आहे, त्याचे स्मरण करून देणे उचित ठरेल.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वयाचे विभाग सांगताना सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात असे म्हटले आहे. त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातूंचे गुण वाढत असले तरी मन बहुधा अस्थिर असते, असा स्पष्ट निर्देश त्यांनी केला आहे. मेंदूचा विवेक आणि संयम यांच्याशी संबंधित भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे आजचे मेंदूविज्ञान सांगते. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाने प्रौढासारखा धीर धरावा ही अपेक्षाच अशास्त्रीय आहे, असा त्याचा अर्थ होतो.

शारीरस्थानात बालकाची खेळणी कशी असावीत हे सांगताना ती रंगीत, हलकी, नाद करणारी असावीत, टोकदार नसावीत आणि भीतिदायकही नसावीत, असे आचार्य सांगतात. मूल रडू लागले अथवा जेवेनासे झाले तर राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असेही ते बजावतात. सुश्रुताचार्यांनी बालकाला दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, असे सांगितले आहे. ते घाबरेल हे त्याचे कारण. काश्यपसंहितेत तर बोलता न येणाऱ्या बालकाच्या वेदना त्याच्या वागण्यावरून कशा ओळखाव्यात याला स्वतंत्र वेदनाध्याय दिला आहे. पिशाचाची जागा आता गुणांच्या टक्केवारीने आणि शेजारच्या मुलाशी केलेल्या तुलनेने घेतली आहे. भिववणे मात्र तसेच चालू आहे. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला बोलता येत असले तरी मनातले सांगता येतेच असे नाही. वेदनाध्यायाची गरज त्याच्यासाठीही आहे.

चिकित्सेचे तीन प्रकार आपण प्रथम वर्षापासून घोकतो : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. यांतील दुसऱ्यावर आपली सारी फार्मसी उभी आहे. तिसऱ्यावर परीक्षेत टीप लिहिली जाते आणि बहुतेकांचा त्याच्याशी संबंध तेथेच सुटतो.

केसपेपरावरील एक रकाना

दशविध परीक्षेत प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य यांच्या पंक्तीत 'सत्त्व' आहे. छापील केसपेपरावर त्याचा रकानाही असतो. या रकान्यात बहुधा 'मध्यम' हा एकच शब्द लिहिलेला आढळतो, तोही रुग्णाशी त्याविषयी एक वाक्य न बोलता. नाडी पाहण्यास, जिव्हा पाहण्यास आपण वेळ देतो. सत्त्व मात्र अंदाजाने भरले जाते. आमच्या मते संपूर्ण प्रश्नाची गुरुकिल्ली या एका रकान्यात आहे.

दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाच्या बाबतीत हा रकाना विचारपूर्वक भरावयाचा ठरविले, तर काय करावे लागेल? प्रथम, पालकांचे म्हणणे ऐकून झाल्यावर मुलाशी पाच-दहा मिनिटे एकट्याने बोलावे लागेल. आई समोर असता "काही नाही, ठीक आहे" म्हणणारा मुलगा एकटा असताना वेगळे बोलतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बालिका असल्यास स्त्री-वैद्य अथवा परिचारिका जवळ असावी. दार उघडे ठेवून पालकांना ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसविले तरी पुरते.

विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. झोप किती वाजता लागते? मध्येच जाग येते का? सकाळी उठल्यावर पहिला विचार कोणता येतो? पूर्वी जे खेळायला, वाचायला, ऐकायला आवडत असे ते अजून आवडते का? मित्र कोण? अलीकडे त्यांच्याशी बोलणे कमी झाले आहे का? शाळेत, क्लासमध्ये अथवा मोबाइलवर कोणी त्रास देते का? घरात भांडणे होतात का? मोठ्यांचे नैराश्य उदास चेहऱ्याने दिसते. कुमारवयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसते, हे लक्षात ठेवावे. 'हल्ली फार उद्धट झाला आहे' ही पालकांची तक्रार म्हणजे कधी कधी रोगाचे लक्षण असते, स्वभावाचा दोष नव्हे.

झोपेचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा. कुमारवयीन मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेचा क्लास, दिवसा शाळा-महाविद्यालय आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल, या दिनक्रमात ती मिळत नाही. रात्रिजागरणाने रूक्षता वाढते, वात बिघडतो, हे सूत्र आपल्याला पाठ आहे. अशा मुलाला बृंहण, अभ्यंग, क्षीर-घृत सांगताना घड्याळातील वेळही लिहून द्यावी. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे, हे पथ्य औषधाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे.

आणखी एक प्रश्न अनेकांना विचारवत नाही. "कधी जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?" असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार रुजतो, अशी भीती सर्वत्र आहे. ती निराधार आहे. शांतपणे, थेट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, कोणीतरी विचारले याने मुलाचा भार हलका होतो, असे या विषयातील अभ्यासकांचे एकमत आहे. उत्तर होकारार्थी आले तर रागावू नये, उपदेश करू नये, 'असे बोलू नये बाळा' म्हणून विषय बंद करू नये. मुलाला एकटे सोडू नये, पालकांना विश्वासात घ्यावे, घरातील औषधे व कीटकनाशके कुलुपात ठेवावयास सांगावीत आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची भेट घडवून आणावी. या एका बाबतीत गोपनीयतेपेक्षा जीव मोठा. अन्य बाबतींत मात्र मुलाने विश्वासाने सांगितलेले प्रतीक्षागृहात, सोसायटीत वा नातेवाइकांत पोहोचू न देणे हे आपले कर्तव्यच आहे.

मेध्य रसायनांची मर्यादा

या विवेचनाचा अर्थ औषधे देऊ नयेत असा कोणी घेऊ नये. मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चरकोक्त चार मेध्य रसायने आपल्या शास्त्राचे भूषण आहेत. योग्य मुलाला, योग्य काळी, अग्नी पाहून दिल्यास त्यांचा उपयोग होतो, यावर वैद्यवर्गाची श्रद्धा अनुभवातून आलेली आहे. परंतु रसायन म्हणजे परीक्षेआधी पंधरा दिवस घेण्याची वस्तू नव्हे. शिवाय ज्या मुलाला वर्गात मारहाण होते, ज्याच्या घरी रोज भांडण आहे, जो रात्री तीन तास झोपतो, त्याच्या स्मृतिभ्रंशाचे कारण मेधा नाहीच. तेथे रसायन दिले आणि कारण तसेच राहू दिले, तर निदानपरिवर्जन या चिकित्सेच्या पहिल्या पायरीलाच आपण फाटा दिला असे होईल. त्यातही गुण न वाढल्यास 'औषध घेऊनही याला येत नाही' हा नवा शिक्का मुलाच्या कपाळी बसतो.

औषधालयांच्या चालकांना आमची एक विशेष विनंती आहे. स्मृतिसागर रस हा कल्प केवळ नावावरून मागणारे पालक असतात. त्यात पारद, गंधक, हरताल, मनःशिला आणि ताम्रभस्म आहेत, हे ग्राहकाला ठाऊक नसते. पारद, हरताल आणि मनःशिला ही द्रव्ये औषध नियमावली, १९४५ च्या शेड्यूल ई (१) मध्ये समाविष्ट आहेत, आणि अशा द्रव्यांनी युक्त कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. तो कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून लहान मुलासाठी देणे सर्वथा अयोग्य होय. 'पंधरा दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट' अशा धर्तीचे फलकही दुकानात नसावेत. औषधाविषयी खोटा समज निर्माण करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी त्या फलकाखाली उभ्या असलेल्या मुलाला तो फलक काय सांगतो, याचा विचार व्हावा. तुझ्यात काहीतरी उणे आहे, असेच तो सांगतो.

पुष्य नक्षत्राची संधी

गेल्या काही वर्षांत सुवर्णप्राशनाचे उपक्रम पुण्याच्या पेठांपासून उपनगरांपर्यंत रुजले आहेत. दर सत्तावीस दिवसांनी, पुष्य नक्षत्रावर, तीच मुले त्याच वैद्यासमोर रांगेत उभी राहतात. एवढी नियमित गाठ इतर कोणत्याही वैद्यकशाखेतील चिकित्सकाला निरोगी मुलाशी पडत नाही. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायातील फलश्रुती फलकावर लिहिण्यापेक्षा या भेटीचा उपयोग निरीक्षणासाठी व्हावा, असे आम्हांस वाटते. प्रत्येक मुलाची एक छोटी नोंदवही ठेवावी. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळते का, नजरेला नजर देते का, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते का, आलेले बोलणे पुन्हा गेले आहे का, एवढे पाहण्यास एक मिनिट लागते. स्वमग्नतेसारख्या अवस्था जितक्या लवकर ध्यानात येतील तितका लाभ अधिक. थेंब मुखात घालून मूल पुढे सरकवणे हे कौमारभृत्य नव्हे.

कायदा आणि आपले स्थान

मानसिक आरोग्याचे क्षेत्र आपले नाही, अशी समजूत काही वैद्यांत आहे. ती कायद्यालाही मान्य नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या संज्ञेच्या व्याख्येत आयुर्वेदातील 'मनोविज्ञान एवं मानसरोग' या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधराचा नामनिर्देशपूर्वक समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) शून्य ते अठरा वयोगटाच्या तपासणीसाठी अंगणवाड्यांत आणि शाळांत जाणाऱ्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी आहेत. त्या पथकांनी हेरावयाच्या गोष्टींत वाढीतील विलंबही आहे. याचा अर्थ, आघाडीवर आपण आधीच उभे आहोत.

परंतु स्थान आहे म्हणून सर्व काही आपणच करावे असेही नाही. आत्महत्येचे विचार, भास-भ्रम, आहार टाकून झपाट्याने कमी होणारे वजन, स्वतःच्या शरीराला इजा करून घेणे, व्यसन, अपस्माराचे वेग, ही लक्षणे दिसताच संदर्भसेवा द्यावी. ससून सर्वोपचार रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या शासकीय सोयी शहरातच आहेत. 'टेलि-मानस' ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तसेच, मनोविकारतज्ज्ञांनी चालू केलेली औषधे 'ती उष्ण आहेत, बंद करा' असे सांगून एकाएकी थांबविण्याचा अधिकार आपल्याला नाही. अशाने रुग्ण दगावू शकतो. आपली चिकित्सा त्यांच्या जोडीने चालावी, आणि त्यांना कळवून चालावी.

मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याच्या कलम १९ अन्वये पोलिसांना कळविणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे. 'घरचा मामला आहे, मिटवून घ्या' हा सल्ला वैद्याच्या तोंडी कदापि येऊ नये.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा. सायंकाळी तीस रुग्ण बसलेले असता एका मुलाशी दहा मिनिटे बोलावे कसे? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे अशा मुलाला त्या दिवशी केवळ लक्षणानुसार औषध देऊन आठवड्यातील एका सकाळी पुन्हा बोलावणे, आणि त्या भेटीचे शुल्क मोकळेपणाने घेणे. अभ्यंग-स्वेदनासाठी वेळ आणि मोल दोन्ही आपण ठरवितो. सत्त्वावजयाला तो मान का देऊ नये?

दुसरा आक्षेप पालकांचा. 'आमच्या मुलाला वेडा ठरवता काय', असे म्हणून ते दुसऱ्या वैद्याकडे जातील, ही भीती. येथे मात्र आपल्याला एक अनुकूलता आहे. मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराशी जाण्यास कचरणारे कुटुंब वैद्याशी मनाविषयी बोलण्यास कचरत नाही. मन आणि शरीर यांत आपण भिंत घालत नाही, हे त्यांना ठाऊक असते. 'वात वाढला आहे, त्याचा मनावरही परिणाम झाला आहे, त्यासाठी या तज्ज्ञांचीही मदत घेऊ', हे वाक्य आपल्या तोंडी शोभते आणि ते खोटेही नाही. ज्या घरात हा विषय निघूच शकत नाही, त्या घरात तो काढण्याचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैद्यांनी मिळविलेला आहे.

औषधाच्या पलीकडे जाऊन माणसाच्या मनाला हात घालण्याची परंपरा या शहरालाही आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये येथेच ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचट यांच्यासह १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथे औषधाचे काम थोड्या दिवसांचे असते. पुढचे काम बोलण्याचे, ऐकण्याचे आणि सोबतीचे. याला आपण सत्त्वावजय म्हणावे की न म्हणावे, हा शब्दांचा वाद झाला. काम तेच आहे.

संघटनेने काय करावे

केवळ व्यक्तीच्या सदिच्छेवर असे कार्य टिकत नाही. सबब संघटनेपुढे आम्ही चार सूचना ठेवीत आहोत. पहिली, परीक्षांच्या हंगामापूर्वी दरवर्षी एक दिवसाची कार्यशाळा व्हावी, आणि तीत मानसरोग विषयाच्या वैद्यांसह एखाद्या मनोविकारतज्ज्ञास व शाळेच्या समुपदेशकास निमंत्रण असावे. दुसरी, शहराच्या प्रत्येक भागातील बालमनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि शासकीय विभाग यांची संदर्भसूची तयार करून ती प्रत्येक सदस्याच्या टेबलावर पोहोचवावी. तिसरी, सदस्य औषधालयांनी बुद्धिवर्धक कल्पांच्या फळीपाशी १४४१६ हा क्रमांक ठळकपणे लावावा. त्याला खर्च एका कागदाचा आहे. चौथी, शाळांशी संपर्क साधावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निर्णयात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक अथवा मानसशास्त्रज्ञ नेमावा असा निर्देश दिला आहे. त्या समुपदेशकाला शाळेबाहेर विश्वासाचा एक वैद्य ठाऊक असणे, आणि वैद्याला शाळेतील समुपदेशक ठाऊक असणे, यातून पुष्कळ काही साधेल.

येत्या हंगामात 'बुद्धीचे औषध' मागणारे पालक येतील, तेव्हा त्यांना रिकाम्या हाती पाठवावे असे आम्ही म्हणत नाही. बाटली देण्यापूर्वी त्यांच्यासोबत आलेल्या मुलाकडे पाहावे, त्याला नावाने हाक मारावी आणि झोप लागते का एवढे विचारावे. केसपेपरावरील 'सत्त्व' हा रकाना त्याच्या उत्तरानंतर भरावा. इत्यलम्.